आबांची पलटण आणि ‘पाने’चा घोळ: शोधाच्या नोंदी

१६ जानेवारी २०२४

संक्रांतीचा तिळगूळ द्यायला आक्काआत्याकडे गेलो आणि येताना आबांची ट्रंक घेऊन आलो. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. १९८१ साली वारले, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. आत्या म्हणाली, ‘‘ने बाबा. माझ्यामागं ही भंगारात जाईल.’’

ट्रंकेत निघालं ते असं: एक पितळी बिल्ला, घडीवर फाटलेला डिस्चार्जचा कागद, सहा टोकांचे दोन पिवळट तारे आणि आजीच्या लग्नातल्या चोळीचा तुकडा. त्या तुकड्यात गुंडाळलं होतं म्हणून तारे अजून चमकतात. एकावर ‘१९३९-१९४५ स्टार’, दुसऱ्यावर ‘आफ्रिका स्टार’. मागून कोरे; नाव नाही, नंबर नाही. तिसरं एक गोल पदक होतं म्हणे, ते कुठल्याशा चुलतभावाने लगोरीत हरवलं. कागदावरच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे दिसतात, पुढचे वाळवीने खाल्लेत.

घरात माहीत असलेलं सगळं दोन ओळींत मावतं. आबा ‘पाचवी पलटणी’त होते. इटलीत लढले.

आत्याला आणखी काय आठवतं ते विचारलं तर ती जुनाच किस्सा सांगून हसत बसली. आबा मूडमध्ये असले की ताटावर बसून आजीला म्हणायचे, ‘‘पाने आण, पाने.’’ आजी मुकाट्याने पानाचा डबा पुढे सरकवायची आणि आबा हसत सुटायचे. जेवायच्या आधी विडा कोण खातं? आजी वैतागायची, पण डबा सरकवायची. दुसरा किस्सा तुपाचा. ‘‘आम्हाला तूप लंडनहून डब्यातनं यायचं’’ असं आबा सांगायचे आणि पारावरची माणसं ‘‘होय, आणि लोणी जर्मनीहून’’ म्हणून खेचायची.

दोन्ही लिहून ठेवले, करमणूक म्हणून.

२ फेब्रुवारी

आफ्रिका स्टार कोणाला? १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळात उत्तर आफ्रिकेत किंवा एरिट्रिया-ॲबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) बाजूला सेवा केलेल्यांना. इटलीचा तारा वेगळा असतो, इटली स्टार. तो ट्रंकेत नाही. हरवलेलं पदक गोल होतं, म्हणजे तेही इटली स्टार नव्हे. मग ‘इटलीत लढले’ कुठून आलं?

आणि ‘पाचवी’ म्हणजे नक्की कोणती? इथे दिवस गेला. १९२२ च्या फेररचनेत सगळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आणल्या, तिचं नाव ‘पाचवी मराठा लाईट इन्फन्ट्री’. म्हणजे रेजिमेंटमधला प्रत्येक माणूस ‘पाचवी’चाच. तिच्यात पुन्हा पाचवी बटालियन होती, रॉयल म्हणायचे तिला. आणि दुसऱ्या बटालियनचं जुनं लाडकं नाव ‘काळी पाचवी’. एका शब्दाला तीन घरं. रॉयल पाचवी इटलीत होती, म्हणून आज तरी माझी पैज तिच्यावर.

१८ फेब्रुवारी

पंधरवडा वाया. परदेशी अभिलेखागारांच्या सूचीत ‘मराठा’ टाकलं की हाती काही लागत नाही. शेवटी उमगलं की त्या काळचं सरकारी स्पेलिंग वेगळं: ‘एम-ए’नंतर ‘एच’, शेवटी दोन ‘टी’. असं टाकलं की कपाट उघडतं. नावांचंही तेच. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या यशवंत घाडग्यांचं नाव तिकडे ‘येशवंत’ लागतं, तिथे साध्या शिपायाची काय कथा. आमचं आडनाव मी आता पाच स्पेलिंगांनी शोधतोय.

‘तुमच्या पूर्वजांचा लष्करी इतिहास शोधून देतो’ म्हणणाऱ्या एका संकेतस्थळाला पैसे भरले होते. त्यांनी आबांच्या नावाचा शिपाई शोधून दिला, अल अलामीनच्या स्मारकावर. म्हणजे मेलेला. युद्धात मेलेला माणूस १९४८ साली आत्याचा बाप कसा झाला, हे त्यांना विचारलं. उत्तर नाही.

तरी त्या नोंदीने एक गोष्ट शिकवली. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या यादीत पुष्कळ हिंदी शिपायांपुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. हा माणूस रत्नागिरीकडचा, बाप वेगळा. आपल्याकडे एका नावाचे दहा जण एका गावात निघतात. बाप आणि गाव जुळल्याशिवाय ‘सापडले’ म्हणायचं नाही. आणि ही यादी फक्त मेलेल्यांची आहे. हिंदी सैन्यात २५ लाखांवर माणसं होती, ८७ हजार मेली. जे जिवंत परतले त्यांची अशी यादी कोणी लावलेली नाही.

९ मार्च

नंबर मिळाला! आणि तो होता कुठे, तर आमच्याच गोदरेजच्या कपाटात. आजीला दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाची विधवा म्हणून राज्य सरकारचं अनुदान मिळायचं. ती २००४ साली गेली. तिचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रेशनकार्डाबरोबर जपून ठेवलं होतं. त्यावर ‘पतीचा आर्मी नंबर’. शेवटचे तीन आकडे ट्रंकेतल्या कागदाशी जुळले.

अण्णांना विचारलं, आधी का नाही सांगितलं? ‘‘तू विचारलंस कुठं? तू कंप्युटरला विचारत होतास.’’

२७ मार्च

बेळगावला मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात अर्ज. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, आबांचा मृत्यूचा दाखला, माझं नातं दाखवायला वंशावळ.

वंशावळीने रडवलं. आमचं मूळ गाव जावळी तालुक्यातलं, बामणोलीच्या पलीकडे. कोयना धरणात गेलं. आत्या सांगते, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसायचा. आम्ही पुनर्वसनात सोलापूर जिल्ह्यात आलो. इथल्या तलाठ्याकडे आबांच्या आधीचं काही नाही आणि तिकडे गावच नाही. तीन खेपा झाल्या. शिवाय १९४९ ते १९६० त्या जिल्ह्याचं नाव ‘उत्तर सातारा’, म्हणजे मधल्या काळातला कागद त्या नावाखाली बघायचा.

अर्जात गावाचं नाव लिहिताना जरा थांबलो. पिनकोड काय लिहिणार?

२२ मे

बेळगावचं पाकीट आलं. लाँग रोलमधला उतारा.

लाँग रोल म्हणजे भरती झालेल्या प्रत्येकाची एकेक ओळ असलेली जाडजूड वही. ती कायम ठेवतात. शीट रोल वेगळा, ती माणसाची स्वतःची फाईल: कुठे पाठवला, रजा, शिक्षा, जखमा, सगळं. पेन्शन नसलेल्या माणसाची ही फाईल २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे. आबा सहा वर्षं नोकरी करून सुटलेले, त्यांना पेन्शन नव्हती. फाईल सत्तरच्या दशकातच गेली असणार. आबा तेव्हा हयात होते, मागितली असती तर मिळाली असती. पण तेव्हा कोणाला सुचणार? तेव्हा आमच्या घरात विहिरीचा हप्ता हा विषय होता.

एका ओळीत मिळालं ते: नंबर, हुद्दा शिपाई, बापाचं नाव बरोबर, गावाचं नाव जवळजवळ बरोबर, तालुका ‘जावली’. भरती १९४०. सुटका १९४६, कारण डिमोबिलायझेशन, म्हणजे युद्ध संपल्यावरची सैन्यकपात. आणि बटालियनच्या रकान्यात ‘२/५’, म्हणजे पाचव्या रेजिमेंटची दुसरी बटालियन.

रॉयल नाही. काळी पाचवी.

५ जून

बेळगाव. मित्राच्या ओळखीने एक निवृत्त सुभेदार भेटले. रेजिमेंटच्या संग्रहालयात त्यांनी मला तासभर फिरवलं. काळ्या पाचवीचा त्यांना फार अभिमान. ही म्हणजे जुनी पाचवी बॉम्बे. १८४० साली बलुचिस्तानात काहनचा किल्ला लढवला आणि त्यापायी १८४१ ला ‘लाईट इन्फन्ट्री’ हा किताब मिळवला. बाकीच्या बटालियनांचंही त्यांना तोंडपाठ. तिसरी १९४१ ला एरिट्रियात केरनला चढली. यशवंत घाडगे तिसरीचेच, इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला पडले. सगळी तुकडी पडली तरी एकटे मशीनगनवर धावून गेले, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढले. नामदेव जाधव पहिलीचे, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. जखमींना पाण्यातून पाठीवर घेऊन आले, परत गेले आणि तीन मशीनगना बंद पाडल्या.

मी विचारलं, ‘‘साहेब, आणि दुसरी? १९४२ ला?’’

ते चालता चालता थांबले. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. मग म्हणाले, ‘‘तुमचे आजोबा बेचाळीसच्या जूनमध्ये पलटणीबरोबर होते का?’’

म्हटलं, माहीत नाही. आफ्रिका स्टार आहे.

‘‘मग तोब्रुक,’’ ते म्हणाले. ‘‘चहा घेऊ या.’’

२१ जून

आजच्या तारखेला १९४२ साली तोब्रुक पडलं. पंधरा दिवस हेच वाचतोय. फाळणीनंतर भारत-पाकिस्तानच्या संयुक्त इतिहास विभागाने काढलेला अधिकृत इतिहास आहे, त्यातला उत्तर आफ्रिकेचा खंड उपयोगी पडला.

तोब्रुक म्हणजे लिबियातलं बंदर, भोवती तटबंदीसारखी ठाण्यांची माळ, खंदक, सुरुंग. त्यातल्या आग्नेय बाजूला ११ वी हिंदी ब्रिगेड: कॅमेरॉन हायलँडर्स, सातव्या गुरखा रायफल्सची दुसरी पलटण आणि आमची काळी पाचवी. किल्ल्याचा सेनापती दक्षिण आफ्रिकेचा, मेजर जनरल क्लॉपर. २० जूनला पहाटे जर्मन सेनापती रोमेलने आधी विमानं घातली आणि मग रणगाडे, नेमके मराठ्यांच्या भागावर. रणगाडाविरोधी खंदक बऱ्याच ठिकाणी वाळूने बुजलेला होता. सकाळी तिथे भगदाड पडलं ते पुन्हा बुजलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्याने शस्त्रं खाली ठेवली. सुमारे ३३ हजार माणसं पकडली गेली. चर्चिलना बातमी कळली तेव्हा ते वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्टसमोर बसले होते.

नकाशावर बोट ठेवून बघितलं. जावळीच्या खोऱ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथला वीस-एकवीस वर्षांचा पोरगा त्या सपाट वाळवंटात.

रात्री अण्णांना सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग: ‘‘कैदी? आबा?’’ आणि जरा वेळाने: ‘‘हे लिहू नकोस कुठं.’’

मी म्हटलं, अजून पुरावा नाही. पलटण पकडली गेली म्हणजे आबाही, असं नाही. कोणी हॉस्पिटलमध्ये असतं, कोणी डेपोत. अण्णा म्हणाले, ‘‘मग नसतीलच.’’

१४ जुलै

भाचीने मोबाईलवर इटालियन शिकायला घेतलंय, तिला चित्रपटाचं शिक्षण घ्यायला तिकडे जायचंय. आज जेवताना ती मोठ्याने घोकत होती. ‘‘इल पाने. पाव, भाकरी. पाने.’’

माझ्या हातातला घास हातात राहिला.

पाने. आबा ताटावर बसून भाकरी मागत होते.

लगेच आत्याला फोन. ती आधी गप्प, मग हसायला लागली, मग बोलता येईना. ‘‘अगं बाई, आईनं जन्मभर डबा सरकवला!’’ मी विचारलं, आबा कधी म्हणाले होते का की मी इटलीत लढलो? आत्याचं उत्तर जसंच्या तसं: ‘‘आबा म्हणायचे, मी इटलीत होतो. लढले हे गावानं चिकटवलं.’’

आणि तूप! तेही खोटं नव्हतं. पकडलेल्या हिंदी शिपायांसाठी लंडनला इंडियन कम्फर्ट्स फंड नावाची संस्था रेडक्रॉसमार्फत पार्सलं धाडायची. त्यात डाळ, आटा, मसाला आणि डबाबंद तूप. पारावरच्या मंडळींनी वर्षानुवर्षं ज्या तुपाची टिंगल केली ते खरोखरच लंडनहून निघालेलं होतं.

इटलीत उतरलेल्या पलटणीचा माणूसही ‘पाने’ शिकेलच, हे खरं. पण तिथल्या लढवय्याला तूप फौजेचं मिळालं असतं, लंडनच्या पार्सलातलं नाही.

२ ऑक्टोबर

युद्धकैद्यांच्या याद्या जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या अभिलेखागारात आहेत. कुटुंबीयांचे अर्ज वर्षातून ठरावीक वेळाच घेतात आणि कोटा भरला की खिडकी बंद. मागच्या खेपेला मी कामावरून येईपर्यंत बंद झाली होती. या खेपेला रजा टाकून बसलो. अर्ज गेला. नंबर, बापाचं नाव, पाचही स्पेलिंगं, पलटण, तोब्रुक.

मधल्या काळात ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारातली जर्मन कैदीपत्रकं चाळली. आबा नाहीत. तिकडून आता अपेक्षाही नाही.

११ मार्च २०२५

जिनिव्हाचं पत्र. दोन पानं; पहिल्यावर नेहमीचे नियम. दुसऱ्यावर आबा. नंबर तोच. बापाच्या नावाचं स्पेलिंग माझ्या पाचांपैकी एकही नाही, सहावंच. पकडल्याचं ठिकाण तोब्रुक, जून १९४२. पुढे इटालियनांनी कळवलेल्या यादीतला उल्लेख: कॅम्प ९१, आवेझ्झानो. त्यापुढे काही नाही.

आवेझ्झानो रोमच्या पूर्वेला, आब्रुझ्झोच्या डोंगरात. हिंदी कैद्यांचा कॅम्प होता तो. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीने शरणागती जाहीर केली, तसे ठिकठिकाणच्या कॅम्पांतले पहारेकरी पांगले आणि जर्मन येईपर्यंतच्या फटीत हजारो कैदी निसटले. त्या डोंगरांतल्या शेतकऱ्यांनी त्यांना गोठ्यात, कोठारात लपवलं. सापडले तर घर जाळलं जाईल हे माहीत असून. बाकीच्यांना जर्मनांनी रेल्वेच्या डब्यांत कोंबून उत्तरेला नेलं. आबा कुठल्या वाटेने गेले? जर्मन पत्रकांत नाहीत, एवढंच हातात. मला काय वाटायला आवडेल ते उघड आहे, म्हणूनच ते इथे लिहीत नाही.

१६ मार्च

पत्राचं मराठी करून अण्णांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला, पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. म्हणाले, ‘‘कैदी लिहू नकोस.’’

मी वाद घालायच्या तयारीत होतो.

‘‘पाडाव झाले लिही. पानिपतात पाडाव झालेल्यांना कोणी कैदी म्हणत नाही.’’

फाईलच्या मुखपृष्ठावर तसंच लिहिलं: काळी पाचवी, शिपाई, भरती १९४०, तोब्रुकला पाडाव जून १९४२, सुटले १९४६. खाली गावाचं नाव. अण्णांनी पेन घेऊन त्यापुढे स्वतःच्या अक्षरात ‘ता. जावळी’ घातलं.

३० मार्च

पाडवा. आत्या आमच्याकडे. पुरणपोळीचं ताट समोर आलं तेव्हा अण्णा मोठ्याने म्हणाले, ‘‘पाने आणा, पाने!’’ आत्याला ठसका लागला.

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, ‘‘अजून एक होतं रे त्यांचं. मी लहान असताना विचारायचे, आबा, मला जत्रेला कधी नेणार? तर म्हणायचे, दोमानी. मला वाटायचं दोमानी म्हणून गाव आहे कुठलंतरी, तिथली जत्रा. एकदा आईला विचारलं पण, की दोमानीला जायला एस्टी आहे का.’’

भाचीने मान वर केली. मी तिला खुणेने थांबवलं आणि वही आणायला उठलो.

‘‘काय रे? काय झालं?’’ आत्या म्हणाली. ‘‘कुठं आहे ते?’’

भाचीला राहवेना. ‘‘आजी, दोमानी म्हणजे उद्या.’’

आत्याने हातातली पोळी ताटात ठेवली. ‘‘मेल्यानं,’’ ती म्हणाली, ‘‘कधीच नेलं नाही मग.’’